उलटी पिसं

पीस गालावर फिरवून कसं ओळखायचं, हे आईनं मला लहानपणी शिकवलं. शिकवलं तिनं, पण मी शिकले असं काही म्हणता येणार नाही.

गावठी कोंबडीच्या पंखातलं लांब पीस हातात घेऊन बघा. त्याची दांडी बरोबर मधून जात नाही. एका अंगाला पीस रुंद असतं, दुसऱ्या अंगाला चिंचोळं. आई ते देठ खाली आणि आतली खोलगट बाजू गालाकडं करून धरायची, उजव्या गालाला लावायची आणि डोळे मिटून हळूच वर सरकवायची. रुंद अंग कानाकडं लागलं की ते सुलटं, तोंडाकडं लागलं की उलटं. सुलटं तिच्या मांडीवर, उलटं चुलीकडं. डोळ्यांनी दिसतं की, असं मी म्हणायचे. त्यावर तिचं म्हणणं असं, की जुनं, झिजलेलं, पावसात भिजून वाळलेलं पीस डोळ्यांना फसवतं, गालाला नाही फसवत.

मग ती मला जवळ ओढायची. एका हातानं माझे डोळे झाकायची, दुसऱ्या हातानं माझ्या गालावर पीस फिरवायची आणि विचारायची, उलटं का सुलटं? मला आधी गुदगुल्याच व्हायच्या. मी काहीतरी ठोकून द्यायचे आणि ते हमखास चुकायचं. आई मान हलवून हसायची. तिचं ते हसणं मला इतकं आवडायचं, की पुढं पुढं मी मुद्दाम चुकत असेन असंही मला कधी कधी वाटतं. पण तसं नसणार, कारण आजही मला पीस कळत नाही. मुरबाडला माझं शिवणकाम आहे. कापडाची उलटी-सुलटी बाजू मी डोळे मिटून, बोट फिरवून सांगते. पिसाच्या बाबतीत मात्र माझा गाल ठार आंधळा आहे.

ही सगळी उठाठेव तीरासाठी. आमचा पाडा वैशाखरेच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. माळशेजचा रस्ता तिथून खाली दिसतो. बा तीर करायचा, त्याच्या आधी आजा करायचा. शिकार केव्हाच बंद झाली, आणि मी तर बाला कुठल्या जिवावर तीर सोडताना कधी पाहिलेलंच नाही. तरी वर्षाला एक तीर लागायचाच, तो वाघबारशीला. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते. त्या संध्याकाळी पाड्यातले सगळे शिवेवरच्या वाघोबापाशी जमतात, घरोघरचे तांदूळ गोळा करून खीर शिजवतात, आणि खीर वाटण्याआधी एक नवा तीर ओहोळाच्या पलीकडं सोडतात. अलीकडं आमची गुरंवासरं, पलीकडं तुझं रान, एवढंच वाघोबाला सांगायचं असतं. शेजारच्या वाड्यांत ही रीत नाही, आमच्याकडं आहे. तीर सरळ जाऊन पलीकडच्या कातळापाशी पडला की म्हातारी माणसं बरं झालं म्हणतात आणि खिरीकडं वळतात. ओहोळात पडला तर कोणी काही बोलत नाही, पण त्या वर्षी खीर जरा मुकाट्यानं खाल्ली जाते.

तीर म्हणजे वेळूची बारीक, सरळ काडी. तिच्या शेपटाला तीन पिसं. पिसाची दांडी ब्लेडनं उभी चिरायची, रुंद अंग तेवढं ठेवायचं, धावड्याच्या डिंकावर बसवायचं, पुढून-मागून दोऱ्यानं आवळायचं आणि तापलेल्या तारेनं कडा जाळून सारख्या करायच्या. जळक्या पिसाचा वास काही चांगला नसतो. पण आमच्या घरी दिवाळी आली की नाही, ते त्या वासावरून कळायचं. लाडू-करंज्यांचा वास मी सासरी, किन्हवलीला गेल्यावर घेतला.

पावसाळ्यात घाटाच्या रस्त्याला मुंबईचे लोक गाड्या थांबवतात. त्यांच्यासाठी टपऱ्यांवर तीरकामठे टांगलेले असतात, आणि त्या तीरांना मोराच्या शेपटीचे डोळे चिकटवलेले असतात. बा ते बघून पोट धरून हसायचा. शेपटीचं पीस मऊ, ते शोभेला. तीराला पंखातलं ताठ पीसच पाहिजे. आज्याच्या वेळी गिधाडाचं मिळायचं, आता गिधाडंच दिसत नाहीत. घारीचं एखादं झाडाखाली पडलेलं सापडलं तर सापडलं. एरवी कोंबडीच. पाऊस सरला की कोंबड्या पिसं झाडतात. आई अंगण झाडताना एकेक उचलायची, कनवटीला खोचायची आणि दुपारी निवांत गालाला लावत बसायची.

निवडायची आई, बांधायचा बा. तिनं कधी तीर बांधला नाही आणि त्यानं कधी पीस निवडलं नाही. पिसांच्या कलानं तीर स्वतःभोवती फिरत जातो, आणि उलटं-सुलटं मिसळलं की भेलकांडतो, एवढं त्याला ठाऊक होतं. पण मुळात उलटं का म्हणतात, हे त्यानं विचारलं नाही. ती देईल ते सुलटं. ती टाकेल ते वाईट, जाळण्याच्या लायकीचं. लोक बाच्या हाताची तारीफ करायचे, तेव्हा आई पलीकडं भाकरी थापत असायची आणि तिच्या चेहऱ्यावरची रेघही हलायची नाही.

मागल्या उन्हाळ्यात आईच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि बोलणं पार गेलं. कल्याणच्या दवाखान्यातून सोडल्यावर मी तिला सरळ मुरबाडला माझ्याकडं आणलं. यात विचार करण्यासारखं काही होतं असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. पाड्यावर चढ आहे, रस्त्यापासून आत चालावं लागतं, घरात एकटा म्हातारा. इथं मालिश करणारी बाई दारात येते, डॉक्टर हाकेच्या अंतरावर, आणि माझं मशीन पुढच्या खोलीत, म्हणजे मी सारखी घरात. नवरा एमआयडीसीत कामाला, तो येता-जाता तिला उचलून बसवायचा. काय कमी होतं?

कमी आईच होती. ती खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडायची. पेजेचे चार घास गेले की ओठ मिटून घ्यायची. मी समोर बसून बोलायचे, जुन्या गोष्टी काढायचे, रागवायचे सुद्धा. तिची नजर माझ्यावरून पुढं सरकून जायची. मालिशवाली म्हणाली, अशा माणसांना काही कळत नसतं ताई, तुम्ही जिवाला त्रास करून घेऊ नका. त्या दिवशी मी तिच्याशी नीट बोलले नाही. पण रात्री कपडे बेतताना तेच मनात फिरत राहिलं, आणि हळूहळू मला ते खरं वाटायला लागलं. मी भरपूर रडले आणि नंतर शाळेच्या गणवेशांची ऑर्डर पुरी केली.

बा दर आठवड्याला जीपनं यायचा. खाटेच्या पायथ्याशी बसायचा, तिचा गेलेला पाय चेपायचा आणि निघताना एकच गोष्ट म्हणायचा, की हिला घरी नेतो. मी विचारायचे, आंघोळ कोण घालणार? तो म्हणायचा, मी. कूस कोण बदलणार? मी. आणि तू शेतावर गेलास म्हणजे? त्यावर तो टोपी झटकायचा. टोपी झटकली की बा हट्टाला पेटला, हे आमच्या घरात कोणीही सांगेल.

पाऊस उघडल्यावर एकदा आमचं चांगलंच वाजलं. तो म्हणाला, हिचं मन नाय इथं. मी तडकले. म्हटलं, तिला मन आहे की नाही हेच कोणाला ठाऊक नाही, तू कुठून शोध लावलास?

"तिला सगळं कळतं गो," बा म्हणाला.

"मग तिला सांगू दे. हातानं, डोळ्यानं, कशानंही. तिनं घरी जायचं म्हटलं तर मी स्वतः तिला जीपमधी बसवीन. नायतर हा विषय परत काडू नको."

तो उठला. आईच्या तोंडाशी वाकला आणि म्हणाला, येतेस का गो घरी? आई भिंतीकडं बघत राहिली. बानं परत विचारलं. मला ते बघवेना, म्हणून मी आत जाऊन उगाच गॅसची शेगडी पुसली. बाहेर आले तेव्हा तो निघून गेला होता आणि त्याची टोपी खाटेवरच राहिली होती.

त्यानंतर मध्ये एक आठवडा तो आलाच नाही. फोन केला तर म्हणाला, तीर धरलाय. आवाज ठीक नव्हता. खोदून विचारलं तेव्हा कळलं की तीर बांधून झाला, पण सोडून बघितला तर हवेत भेलकांडला. दुसरा केला, तोही तसाच. तिसरा कोंबड्यांच्या खुराड्यावर जाऊन आदळला. आईनं निवडलेली पिसं पावसाळ्याआधीच संपलेली, आणि आता तो घरच्या कोंबड्यांची आपल्या डोळ्यांनी निवडत होता, तीही सरत आलेली. मी म्हटलं, एवढंच ना, मी पाठवते पिसं. चिकनच्या दुकानातून पिशवीभर आणली आणि जीपवाल्याच्या हाती वर धाडली. संध्याकाळी बाचा फोन आला, की हा कापूस कशाला पाठवलास? ब्रॉयलरला पंख असतात ते नावाला. मला हसू आलं, आणि त्यालाही आलं. आमच्यातला अबोला तिथं सुटला. मग नवऱ्यानं किन्हवलीला फोन केला. सासूबाईंच्या कोंबड्या खऱ्या, झाडावर चढून बसणाऱ्या. त्यांनी पिसं गोळा करून ठेवली आणि बा स्वतः जाऊन ती घेऊन आला. वाघबारस तोंडावर आली होती.

पिसांची पिशवी घेऊन तो थेट माझ्या घरी आला. मला वाटलं नेहमीसारखा भेटायला आलाय. पण त्यानं पिशवी खाटेवर ठेवली, आईला खांद्याला धरून बसतं केलं, पाठीला उशी दिली आणि तिच्या उजव्या गालाला एक पीस लावलं. तिच्यासारखंच, देठ खाली करून.

"सांग गो," तो म्हणाला. "माज्यानं होत नाय."

आईचा चेहरा तसाच राहिला. त्यानं पीस हळूच वर सरकवलं. दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. ती समोर बघत होती, पण त्या नजरेत कोणी नव्हतं. मला बाचा भयंकर राग आला. कशाला तिची परीक्षा घ्यायची? मी म्हटलं, पुरे आता. त्यानं ऐकलं. आईला परत आडवं केलं. ती सवयीनं भिंतीकडं वळली आणि मी मशीनवर जाऊन बसले.

पुढं जे झालं ते मी दारातून, शिवता शिवता पाहिलं. ती भिंतीकडं वळली म्हणजे तिचा डावा गाल वर आला. बाच्या हातात एक पीस राहिलं होतं. निवडण्यासाठी नव्हे, माझी खात्री आहे, नुसतं मायेनं, त्यानं ते तिच्या त्या गालावरून फिरवलं. आपण झोपलेल्या लेकराच्या गालावरून बोट फिरवतो तसं.

आईनं डोळे मिटले.

माझा पाय मशीनवरून निघाला. तिचा डावा हात वर आला. बाच्या बोटांतून तिनं पीस काढून घेतलं, आपणच पुन्हा गालावरून सरकवलं, जरा थांबली, आणि ते आपल्या पोटाशी ठेवलं. मग हात पुढं केला. बानं दुसरं पीस दिलं. ते गालाला लावलं आणि तिनं मनगटाचा एक झटका देऊन जमिनीवर भिरकावलं. तो झटका मी हजार वेळा बघितला होता. चुलीकडं जाणाऱ्या पिसाचा झटका. उजव्या हाताचा होता, आता डाव्या हातानं जरा वेडावाकडा आला, पण तोच. मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले आणि डोळ्यांतलं पाणी पुसायचं मला सुचलंही नाही.

पिशवी संपेपर्यंत तिनं पिसं निवडली. बा एकेक हातात देत होता. शेवटी पोटाशी जमलेली पिसं तिनं चाचपली, त्यांची जुडी केली आणि कनवटीला खोचली.

"दे ती आता," बा म्हणाला. "माजी गाडी चुकंल."

तिनं कनवटीवर हात ठेवला. बानं हळूच हात पुढं केला, तर तिनं मूठ आवळली. तो गोंधळून माझ्याकडं बघायला लागला. आईनं मान वळवली. आधी दाराकडं बघितलं, मग बाच्या पिशवीकडं, मग इतक्या महिन्यांत पहिल्यांदा सरळ माझ्याकडं.

मी शब्द दिला होता. तरी लगेच मोडता घातला, कारण स्वभाव कुठं जाणार. म्हटलं, वाघबारशीपुरती चल, नंतर बघू. बानं टोपी डोक्यावर घातली आणि मी आईचे कपडे पिशवीत भरायला घेतले.

पाड्यावर चौघांनी तिला खाटेसकट वर नेलं. घरात शिरताना मी बघितलं, बानं खोलीपासून मोरीपर्यंत वेळूचा कठडा बांधून ठेवला होता, तिच्या डाव्या हाताला येईल असा. म्हणजे हा गडी कधीचा तयारीत होता. शेजारची चुलत वहिनी म्हणाली, आंघोळ मी घालीन, तू कशाला काळजी करतेस. मी म्हटलं, दोन दिवसांचाच प्रश्न आहे.

आईनं घरात आल्यावर पिसं मुकाट्यानं दिली. बा ओटीवर बसून बांधायला लागला. पिसं चिरली, डिंक लावला, दोरा आवळला. मग त्याचा हात थांबला. आढ्याला खोचलेला एक जुना तीर त्यानं काढला आणि दोन्ही शेजारी धरले. मला बोलावलं. जुन्या तीराची पिसं एका अंगाला कललेली होती, नव्याची बरोबर दुसऱ्या अंगाला.

"ही उलटी हायत," तो हळू आवाजात म्हणाला. आत आईला ऐकू जाऊ नये म्हणून.

मी विचारलं, किती? तो म्हणाला, सगळी. तिनं ठेवलेली सगळी उलटी, आणि मुरबाडला जमिनीवर टाकलेली, मी केरात भरलेली, ती सगळी सुलटी असणार.

मालिशवाली बरोबर होती तर. हात जुनी सवय काढत होता, आत कोणी नव्हतं. तिनं दाराकडं बघितलं तेही असंच असेल, आणि माझ्याकडं बघितलं तेही. आपल्याला हवं तेच आपण बघितलं. मी बाला म्हटलं, वाघबारस झाली की सकाळच्या जीपनं मी तिला परत नेते. तो वाद घालेल म्हणून मी कंबर कसून उभी होते. त्यानं वाद घातला नाही. माझ्याकडं इतक्या केविलवाण्या नजरेनं बघितलं की मीच मान फिरवली.

"दुसरी पिसं बघू का कुणाकडं?" मी जरा वेळानं विचारलं.

त्यानं दोऱ्याचा पिळा उचलला. "तिनं दिलीत," तो म्हणाला. "मी हीच बांदणार."

वाघबारशीच्या संध्याकाळी आईला खाटेवरच शिवेपर्यंत नेलं. बायका भोवती बसल्या, कोणी तिच्या केसांना तेल लावलं. खीर शिजत होती. बा वाघोबापुढं उभा राहिला, कामठा उचलला. मी बघायचं नाही असं ठरवलं. तीर ओहोळात पडला असता तर कोणी बोललं नसतं, पण ते न बोलणं आईच्या नावावर जमा झालं असतं, आणि उद्या तिला घेऊन मी उतरले असते तेव्हा सगळ्यांनी मान डोलावली असती.

दोरीचा आवाज झाला. मी बघितलंच. तीर ओहोळावरून सरळ गेला, रेष मारल्यासारखा, आणि कातळाच्या बुडाशी गवतात उभा रुतला. म्हातारी माणसं बरं झालं म्हणाली आणि खिरीकडं वळली. बा कामठा हातात धरून तसाच उभा राहिला.

"फिरला उलटा," तो माझ्यापाशी येऊन म्हणाला. "पन गेला सरळ."

तीर उलटा फिरलेला त्याला दिसला म्हणे. मला तर डोळे भरल्यामुळं तीर गेलेलाही धड दिसला नव्हता. पण तो 'उलटा फिरला' म्हणाला आणि माझ्या डोक्यात एकदम बाही आली. ब्लाउजची बाही. नवशिक्या पोरी माझ्याकडं येतात त्या पहिल्यांदा हीच चूक करतात, दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापतात. डाव्याचं उजव्याला बसवायचं तर कापड पालथं करावं लागतं. मी आईच्या अंथरुणात राहिलेलं एक पीस उचललं आणि आधी आपल्या उजव्या गालाला लावलं, मग तसंच डाव्या गालाला. एकदा रुंद अंग कानाकडं आलं, एकदा तोंडाकडं. पीस तेच. आईनं तर काहीच चुकवलं नव्हतं. आयुष्यभर ज्या गालानं निवडलं तो गाल मेला, म्हणून तिनं दुसरा घेतला, आणि नियम तोच ठेवला. कानाकडं लागलं ते ठेवायचं. आणि आमची उलटी पिसं म्हणजे नुसती दुसऱ्या पंखातली पिसं. तीराला डावं काय न् उजवं काय, सगळी एका अंगाची असली म्हणजे झालं.

मी बाला ते करून दाखवलं, दोन्ही गालांवर. त्याला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तो मटकन खाली बसला.

"म्हंजे अर्दी कोंबडी आमी चुलीत घातली गो," तो म्हणाला, "सगळा जल्म." आणि हसायला लागला. इतका हसला की वहिनी पळत आली, याला काय झालं म्हणून. हसता हसता तो रडतही होता आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती. मलाही वाटत नव्हती. मग त्यानं खिरीची वाटी घेतली, आईच्या शेजारी बसला आणि तिला डाव्या अंगानं भरवायला लागला. तिनं पुरी वाटी खाल्ली.

सकाळी मी माझीच पिशवी भरली, आईची नाही. बा दारात उभा राहून माझ्या हातांकडं बघत होता. मी त्याला औषधांच्या वेळा सांगितल्या, पुन्हा सांगितल्या, वहिनीला वेगळ्या सांगितल्या. दर आठवड्याला मी येणार आणि मालिश स्वतः करणार, यात कोणी मध्ये बोलायचं नाही, असंही सांगितलं. त्यानं निमूटपणे ऐकून घेतलं. टोपी झटकली नाही.

खाली रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजला. मी आईच्या पाया पडायला वाकले, तर तिनं डाव्या हातानं माझी मान धरून मला खाली ओढलं. मला वाटलं कुशीत घेतेय. तिनं उशीखालून एक पीस काढलं. बोटं माझ्या डोळ्यांपर्यंत आली आणि अडखळली, कारण झाकायला दुसरा हात नव्हता. मीच डोळे मिटले.

पीस माझ्या गालावरून वर गेलं. हळू, अगदी कानापर्यंत. मग ती थांबली. विचारायला तिच्याकडं शब्द नव्हता, पण ती काय विचारतेय हे मला ठाऊक होतं, आणि तिलाही ठाऊक होतं की मला ठाऊक आहे.

"सुलटं," मी म्हटलं.

डोळे उघडले. आई अर्ध्या तोंडानं हसत होती आणि मान हलवत होती. माझं चुकलं होतं.